तोंडओळख

गेट जी-नऊ. मिनियापोलिस. बाहेर उणे एकवीस.
विमानाच्या पंखांवर दोन गाड्या
नारिंगी औषध फवारतायत, वाफ उठतेय,
थंडीत म्हैस धुवावी तशी.
एकोणीस मिनिटांत दोनशे सहा माणसं
आत सोडायची आहेत मला.

पूर्वी मी पासपोर्ट उघडायचे,
नाव वाचायचे, हमखास चुकीचं,
माणूस हसून दुरुस्त करायचा.
आता काठीवर कॅमेरा आहे, पडद्यावर लांबट गोल.
त्यात तोंड धरायचं. हिरवी खूण. पुढचे.
नाव कुणी घेतच नाही.

नको असेल तर नाही म्हणता येतं.
तशी पाटी आहे, गुडघ्याच्या उंचीवर,
मुंगीनं वाचावी अशा अक्षरांत.

हॉकी खेळणारी पोरं गेली,
एकाचा ओठ शिवलेला, एकाचा दात ताजा पडलेला.
हिरवं, हिरवं.
जुळ्या बहिणी गेल्या. एकीच्या जागी दुसरी
गेली असती तरी यंत्राची हरकत नव्हती,
त्याच भांडल्या, मी आधी म्हणून.
झोपलेलं बाळ, गरज नसताना,
बापानं गोलात धरलं, कलिंगड दाखवावं तसं.

मग ती आली.
पुरुषी कोट, करड्या शालीत चेहरा
आणि चेहरा रात्रभर रडलेला,
पापण्या दुधात पडलेल्या पावासारख्या.
लाल फुली.
चष्मा काढा. लाल.
थोडं मागे, हनुवटी वर. लाल.
पडद्यावर ओळ उमटली: चेहरा सहज ठेवा.

ती म्हणाली, आई.
गारिसाला. काल पहाटे.
दुपारच्या नमाजानंतर मातीही दिली,
आमच्यात थांबत नाहीत.
अ‍ॅमस्टरडॅम, नैरोबी, मग सहा-सात तास बस,
आणि पोचून बघायला तोंड नाही.
हे तिनं मला नाही, कॅमेऱ्याला सांगितलं,
कारण मान तिकडेच ठेवा
असं मीच बजावलं होतं.

रांगेत कुणीतरी सुस्कारा टाकला.
कागदी रुमाल देऊन तोंड पुसा म्हणावं,
असं आम्हाला शिकवलंय.
मी रुमाल काढला
आणि काच पुसली.
सावकाश, कडेपासून आत.
सकाळपासून धुरकटलीय मेली, म्हटलं,
रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
काच लख्ख होती.

माझाही एक फोटो आहे.
बान विनाईची छावणी, मी चार वर्षांची,
गळ्याशी पाटी, पाटीवर खडूनं नंबर,
मागून आईचे दोन हात,
नुसते हात, मला सरळ धरणारे.
फोटोवाला म्हणाला होता, हलू नको.
आई म्हणायची, तू हललीसच.
खरंच, नाक जरा पुसट आहे.
त्या पुसट नाकावर आम्हाला एक देश मिळाला.

चौथ्यांदाही लाल.
मी पासपोर्ट मागितला.
फोटोत तरुण, भरलेले गाल,
डाव्या भुवईत तुटलेली रेघ.
शालीच्या कडेखाली तीच रेघ.
दाबो, मी वाचलं.
दहबो, ती म्हणाली. ह पोटातून.
मी पुन्हा म्हटलं, चुकलं.
ती हसली नाही, पण थांबली,
मला जमेपर्यंत थांबली.
मग माझ्या बिल्ल्याकडे बघून: पानिया?
पा न्हिया. पण मी म्हटलं, चालेल.

यंत्राच्या हिशोबात दोनशे पाच.
एक मी हातानं मिळवला. दार लावून घेतलं.

पंखांवर पुन्हा बर्फ धरला,
पुन्हा गाड्या आल्या,
विमान आणखी पाऊण तास जागच्या जागी.
आतमध्ये ती शालीनंच नाक पुसत असेल.
रुमाल माझ्या मुठीत,
काच पुसलेला, कोरडा.
तिला द्यायला हवा होता.