क्लिअर टायटल

रोज सकाळी, पहिली फेरी सुटायच्या आधी,
माझ्या फोनमधून तीन रुपये जातात.
कुठे जातात ते कळायला दोन महिने लागले.
कसलासा क्रिकेट अलर्ट. म्हणे मीच मागितला,
सतरा तारखेला, रात्री अकरा वाजून चार मिनिटांनी.
तेव्हा मी फेरीबोटीच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून होतो.
पण कंपनीकडे नोंद आहे,
आणि नोंद म्हणजे काय ते मला सांगू नका.
डिचोलीला मामलेदाराकडे आमचीही एक हरवलेली आहे.

कस्टमर केअरची बाई फार गोड.
एक दाबा, चार दाबा, परत नऊ दाबा,
मग बासरी.
नार्वे ते दिवाडी, दिवाडी ते नार्वे,
तीनदा नदी ओलांडली तरी बासरी संपेना.
शेवटी तक्रारीचा चौदा आकडी नंबर मिळाला,
आणि जेवायला बसलो तर मेसेज:
‘आपली तक्रार समाधानकारकपणे सोडवण्यात आली आहे.’
समाधान कोणाचे ते लिहिले नव्हते.

नको ते फोन बंद व्हावेत म्हणून १९०९ ला मेसेज केला.
थोडे दिवस लागतील, म्हणाले.
दुसऱ्याच दिवशी:
‘सोयरा वालवाईकर सर?’
सोयरू, मी म्हटले. वळवईकर.
‘सर, गोव्यात स्वतःचं घर असावं असं कधी वाटलंय?’

धक्क्यावर दोन स्कूटर, एक पोदेर,
त्याच्या पाटीवर निळे प्लास्टिक.
वाटते, मी म्हटले. बावीस वर्षे वाटते आहे.
खूश झाली बिचारी.
लोकेशन नार्वे, म्हणाली, रिव्हर फेसिंग,
डोंगरउतार, शंभर टक्के क्लिअर टायटल.

बाये, सांभाळून बोल.
त्या उतारावर मी राहतो.
आजोबा भाटकाराचे मुंडकार,
कागद मागता मागता बाबा गेले,
पुढची तारीख दसऱ्यानंतर आहे.
तुझ्याकडे कसले क्लिअर?

ती थांबली. तिच्यासमोरच्या कागदावर
मुंडकार हा शब्द नसावा.
तिच्या मागे वीस-पंचवीस गळे
एकाच वेळी वीस-पंचवीस नावे चुकवत होते.
मग म्हणाली, ‘फोटो पाठवते सर, बघून सांगा.’

बोट सुटली. नदीच्या मध्यावर रेंज पातळ होते,
फोटो तुकड्यातुकड्याने उतरला.
आधी आकाश. मग डोंगर, आमचाच.
काजूची झाडे, खाजनाचा बांध, मानशीचे दार,
खाली फेरीबोट, तिच्यावर मी असेन एखादा ठिपका.
आणि जिथे आमचे घर,
जिथे पायरीवर शेवंताने सोलां वाळत घातलीत,
तिथे हिरवळ.
नुसती, कातरलेली.

फळी टाकली. स्कूटर उतरल्या.
पोदेराने भोंगा वाजवला.
खिशात टुण्ण झाले:
‘आजच्या डेटापैकी पन्नास टक्के वापर झाला आहे.’

फोटो पुसलेला नाही. पैसे भरलेत त्याचे.
तारखेला वकिलाला दाखवायचा आहे.