मी होते

साडेदहाला लेथ थांबते, मग मी वही उघडते.
जालना, औद्योगिक वसाहत, मागची रांग,
पत्र्याच्या शेडला चिकटून आमच्या दोन खोल्या.

इक् वोर्ट. येइ वोर्ट. वेइ वोर्डन.
मी होते, तू होतोस, आपण होतो.
'तू'ला शेवटी एक त जास्तीचा,
लिहायचा फक्त, ऐकू येत नाही.
आणि प्रश्न विचारताना 'तू' मागं सरकला
की तो तसुद्धा गळतो.
हे मला लगेच कळलं.
नऊ वर्षं वॉर्डात प्रश्नच विचारतेय.

झालेलं सांगायचं तर खेवोर्डन.
ख घशाच्या तळातून, खरवडून.
मला आठवडा लागला,
हेल्पर इर्शादला पहिल्याच खेपेला जमला.

"मूळ काय त्याचं?" पप्पांनी विचारलं, हात पुसत.
कोशात आहे: फिरणं, वळणं.
आपल्यातल्या वृत्‌चा लांबचा भाऊ.
वर्तुळ त्यातलंच, वर्तमानही,
झिजून झाली ती वाट, वळून झाली ती वात,
आणि आई चिडली की करते ते सगळ्यांचं वाटोळं.

पप्पा हसले.
"फिरल्याबिगर काही होतं व्हय?"
छत्तीस वर्षं सळई फिरवून शाफ्ट करणारा माणूस.
पायाशी किसाची निळी वेटोळी,
अजून कोमट.

'होते'चा दुसरा अर्थ मात्र त्यांच्यात वेगळा ठेवलाय.
इक् वास. मी होते, म्हणजे तेव्हा, तिथं.
तो आपल्या वस्‌चा, वस्तीचा, वसाहतीचा.
बाई पुन्हा पुन्हा बजावतात, गल्लत नको.
पण मराठीत मी एकदाच म्हणते, मी होते,
आणि दोन्ही निघतात तोंडातून:
राहून गेलेली आणि अजून फिरतेय ती.

मंगळवारी तोंडी परीक्षा.
पहिला प्रश्न ठरलेला: तुला काय व्हायचंय?
एकतिसाव्या वर्षी.
उत्तर पाठ आहे, परिचारिका.
ती तर मी आहेच, हे सांगायचं क्रियापद
धडा चारमध्ये झालंय,
पण प्रश्नात ते नाही.

इर्शादनं पट्टा चढवला. तातडीचं काम आलंय,
कुणाचा तरी पंप बंद पडलाय अंबडकडं.
वही थरथरते टेबलावर,
येइ वोर्टचा त
पुसट दिसतोय. पेन कुठं गेला?