चौथा सड

गंगावेशीत रात्री कट्ट्यावर
म्हैस उभी आणि गिऱ्हाईक समोर.
धार काढायची ती डोळ्यांदेखत.
आमच्या धंद्याची सचोटी
अशी रस्त्यावर बांधलेली असते, दाव्यानं.

दादा म्हणायचे,
"बघणारा हाय म्हणून पाणी न्हाई,
त्यात आपली काय कमाई?"

मी घातलं होतं एकदा. सातवीत असताना,
रतिबाच्या किटलीत, कोपऱ्यावरच्या नळाखाली,
मापभर. कुणी बघितलं नाही.
काकडे बाईंनी त्याचाच चहा केला,
तातोबाचं पोर म्हणून मला बिस्कीट दिलं.
मी ते खाल्लं.
घशाशी आहे अजून.
हे घशाशी राहणं कुणी शिकवलं?
छडी म्हणावी, तर
आमच्या घरी छडी कधी नव्हतीच.

काल माझी शर्वाणी, सव्वादोन वर्षांची,
पहिल्यांदाच धारेच्या वेळी गोठ्यात आली.
नागीला रेडकू लावलं, पान्हा आला,
मी नेहमीसारखं त्याचं तोंड ओढून
बाजूला बांधलं.
पोरगी रडायला लागली,
रेडकासारखीच, मान वर करून.
"दे त्याला. त्याचं हाय."

हिला हे कुणी सांगितलं?
आतूनच आलं म्हणावं,
तर सकाळी भावाची चपाती हिसकावून
त्याच्या दंडाला कडाडून चावली,
तेही आतूनच आलं होतं.

मीही रडलो असेन कधीतरी
याच खुंट्यापाशी.
आठवत नाही.
रडू कधी थांबलं
आणि हात कधी शिकला,
तेही नाही.

दादा तीन सड पिळायचे.
चौथ्याला हात लावायचे नाहीत,
रेडकू सोडायचे.
पेंडीचे भाव भडकले त्या वर्षीसुद्धा.
मी विचारलं होतं, असं का?
"माझा बा करायचा."
आणि त्याला कुणी शिकवलं?
दादांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली,
"हिला इचार."

माझ्या हिशोबात चौथा सड धरलेला असतो.
महिन्याचे किती होतात, तोंडपाठ आहे.
काल मात्र सोडला.
पोरगी बघत होती.
म्हणजे बघणारा होताच की,
दादा, त्यात माझी काय कमाई?

रेडकू ढुशा देत लुचू लागलं.
पोरगी हसली, डोळे पुसले,
पेला मागितला. ऊन, फेसाळ.
आणि एकटीनंच संपवला सगळा,
रेडकाकडं एकदाही न बघता.