बिऱ्हाडं

अंड्यात डोळे दिसू लागतात
तेव्हा आत कुणीच राहत नसतं.
दोन काळे ठिपके, एक नारिंगी थेंब,
मिटलेलं तोंड.
पाण्याची ऊब मी रोजच्या रोज वहीत मिळवत जाते;
बेरीज पाचशेच्या आसपास आली
की कवच फुटतं.

आधी शिरतात ते कवचावरचेच,
दाराशी ताटकळलेले.
मग पाण्यातले, नळीतले,
माझ्या हातमोज्यावरचेसुद्धा.
पोटाशी शिदोरी बांधून आलेल्या पिल्लाला
खायची घाई नसते,
पण तोंड एकदा उघडलं की येईल तो पाहुणा.
त्या आठवड्यातली यादी इतकी लांब
की ती वर सरकवता सरकवता बोट दुखतं.

पहिला दाणा पडतो,
आणि यादी आखडू लागते.
आम्ल येतं, भूक येते,
आतड्याला वळण लागतं.
कोण राहणार, हे आता पाणी एकटं ठरवत नाही.

आमच्या चिलोए बेटावर
माणसं घर सोडत नाहीत, ओढून नेतात.
मी नऊ वर्षांची होते.
हेरिबेर्तो मियालोंकोंचं घर
गावाने ओंडक्यांवर चढवलं,
बैलांच्या सहा जोड्या, चिखल, शिव्या,
मग भरतीवर तरंगवत पलीकडच्या किनाऱ्याला.
त्यांची आंधळी मावशी खिडकीतून हलायला तयार नव्हती.
म्हणाली, घर चाललंय, मग मी कशाला उतरू?
घर फिरलं, वासेही फिरले,
माणसं तीच.

माशाचं उलटं.
घर तेच, तसूतसूने वाढणारं,
आतली बिऱ्हाडं बदलतात.

अंगावर चांदी चढली
की ट्रकने, मग बोटीने
त्यांना खाडीतल्या जाळ्यात सोडतात.
मासा समुद्र प्यायला शिकतो,
आणि गोड्या पाण्यातले भाडेकरू
बघता बघता दिसेनासे होतात.
भांडण नाही, निरोप नाही.
मोठ्या माशात कधी कधी एकच कुळ उरतं,
ज्याला स्वतःभोवती भिंतसुद्धा नाही
आणि जे माझ्या बशीत काही केल्या वाढत नाही.
कधी तेही नसतं.
त्या रकान्यात मी प्रश्नचिन्ह टाकते.
साहेब खोडतात.

आई तेवीस वर्षं कारखान्यात,
मिनिटाला अठरा मासे,
आतडी डाव्या हाताने पन्हाळीत.
तीच आतडी मी चिमट्याने उचलते,
नळीत घालते, उणे ऐंशीला ठेवते.
"मी टाकलेलं वेचायला शिकवलं होय तुला?"
ती हसते. थोडीशीच हसते.

वाल्दीवियाहून शिकून परतले
त्या रविवारी तिने मिल्काओ तळले,
किसलेला बटाटा, डुकराची चरबी,
लहानपणी मी सात खायचे.
रात्रभर पोट धरून बसले.
बोल्दोच्या पानांचा काढा घेऊन
ओतिलिया चिग्वाय दारात उभी, स्वयंपाकाचा अपमान झाल्यासारखी:
"परक्याचं झालंय पोट तुझं."
मला उत्तर ठाऊक होतं, आकडेवारीसकट.
काढा प्यायले.

काल तिने विचारलं,
"अगदी पहिल्यापासून राहिलेला
एक तरी सापडला का गं?"

कसं सांगू, मासा एकदाच उघडता येतो.
अंगठ्याएवढा असताना जो कापला
तो मोठा झालाच नाही;
मोठा झाला तो दुसराच कुणी,
त्याच्या लहानपणाबद्दल
मी नुसते अंदाज जोडते.

पण दोनशे बाराव्या नळीत
एक बारीक रेघ आहे,
कवचावर होती तशीच.
दोनदा तपासली. आहे.

असेल तो, दारापासून आत आलेला,
खिडकीतून न हललेला.
किंवा असेल
माझ्याच हातमोज्यावरचा.