कडी

कॅलेंडरवरचा फेब्रुवारी फाडला
आणि त्याच्या पाठीवर तीन रकाने आखले.
पट्टी ईश्वरीच्या दप्तरात, ईश्वरी शाळेत,
म्हणून लाटण्याच्या कडेनं.
रेघा मधे जरा फुगल्यात.

तिची शाळा चौथीला संपते.
पाचवी कुठे, हा प्रश्न
दिवाळीपासून आमच्या ताटाशेजारी बसून जेवतोय.

घणसोली गावातली, तळ्याकाठची.
सेक्टर सातातली, चार मजली, नवा रंग.
आणि रबाळ्याची, बेलापूर रोडच्या पलीकडची.
तिन्ही महापालिकेच्या.
लोंढेवहिनी म्हणाल्या, "पालिकेतच का?
आमच्या साहिलला टाय आहे."
मी रकान्यात टाय लिहिला नाही.

हे रात्री दोनला मार्केटात जातात, कांदा-बटाट्यात,
अकराला परत.
यांच्या झोपेतून तास कापून आम्ही शाळा बघितल्या.
यांचा प्रश्न एकच,
बाई "बसा" म्हणायच्या आत:
"आठवी आहे का?"
सातवीपर्यंतच, म्हटलं की हे उठलेच.
यांच्या गावची शाळा सातवीला संपली होती.
आठवी घाटाखाली, नऊ किलोमीटर.
सायकल एक, भाऊ दोन.
थोरले सायकलवर बसले,
हे वाशीला निघालेल्या ट्रकमध्ये.

मी लिहीत गेले.
पट. पंखे. फळ्याच्या मधोमध खडूची रेघ,
अलीकडे पाचवी, पलीकडे सहावी,
कारण एक सर निवडणुकीच्या कामाला.
खिचडी चाखली. मीठ कमी, मटकी खरी.
पुलाच्या पायऱ्या बेचाळीस.

माझा प्रश्न मी विचारत नाही.
म्हणते, "हिला जरा बाथरूमला जायचंय."
आणि मागोमाग जाते.
तळ्याकाठी कुलूप, चावी हेडबाईंकडे,
हेडबाई मीटिंगला.
चार मजलीत पांढऱ्या टाइल्स, चकचकीत नळ.
नळ सोडला, तर आधी हवा आली,
मग एक झुरळ.

मी शाळेत सहा वर्षं पाणी प्यायले नाही.
घरून निघताना नाही, मधल्या सुट्टीत नाही.
हे यांना ठाऊक नाही.
बारा वर्षांत तसा विषय निघाला नाही.

रबाळ्यात पाणी होतं, बादली होती, मग होता.
दाराला कडी नव्हती.
कडीच्या जागी चार भोकं,
आणि दाराला पाय लावून एक सातवीतली मुलगी,
पाठ आमच्याकडे, मोठ्यानं:
एकोणतीस आठे दोनशे बत्तीस,
एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट,
एकोणतीस दाहे दोनशे नव्वद.
पाय काढला. आतली बाहेर आली.
मग ती ईश्वरीकडे वळली,
"तुला कितीपर्यंत येतात?"
"सतरापर्यंत."
"मग सतराचा म्हणते. आटप हां, सतरा लवकर संपतो."

वर ऑफिसात हे गावितबाईंना विचारत होते,
आणि बाई सांगत होत्या, आहे, आठवी आहे,
नववीही आहे, दहावीही,
आणि हे, तीन वेळा "हो का?" म्हणत,
खुर्चीवर बसले होते.

दुपारची पाळी. हे तिला सोडून येतील, मग झोपतील.
पूल एकटीनं नको, निदान दिवाळीपर्यंत.
अर्ज भरला.
"शाळा निवडण्याचे कारण" असा रकाना त्यात नव्हता,
बरं झालं.

येताना पुरोहितच्या दुकानातून एक कडी घेतली,
पंचेचाळीस रुपये.
यांनी विचारलं, "आपली तर चांगली आहे की?"
म्हटलं, "आपली नाही."
मग पुलावर, बेचाळीस पायऱ्या, सांगितलं.
हे बोलले नाहीत काही.
उतरल्यावर म्हणाले, "ड्रिल मार्केटातल्या कुणाचं तरी आणतो."

आठवडा झाला. कडी पर्समध्येच,
चाव्यांशी आवाज करते.
काल पुडी उघडून पाहिली.
स्क्रू चार मागितले होते, तीनच निघाले.