इतर

तवंदी घाटाच्या वरच्या वळणावर
निळा ठिपका पावणेदोन तास थांबलाय.
मी शिरोलीत, डिस्पॅचच्या टेबलाशी,
चहा कीबोर्डच्या डाव्या अंगाला.
ठिपक्यात दोनशे चाळीस सिलिंडर हेड,
प्रत्येकाच्या पोटावर काळ्या चौकोनांची बारीक रांगोळी,
आणि सरदार मुजावर.
मुजावरला बारकोड नाही.

पूर्वी गाडी थांबलेली कळायचीच नाही.
गेली की गेली.
तिसऱ्या दिवशी होसूरहून खरखरता आवाज यायचा, पोचली हो,
आणि मगदूम अण्णा लाल रजिस्टरात
बरोबरची खूण ओढायचे, शेपटी लांब.
मधले दोन दिवस कुणाच्याच खात्यात नसत.
ते रस्त्याचे असत.

आता ठिपका थांबला की होसूरचा पडदा पिवळा होतो,
पिवळा झाला की तिथली लाइन
दुसऱ्या कुणाचा तरी माल ओढून घेते,
आमची उद्याची ऑर्डर शंभरानं आकसते,
आणि भट्टीवरच्या सुरगोंडाला मेसेज जातो:
आज रात्रपाळी नाही.
एवढं सगळं, चहावर साय धरायच्या आत.

गोडाऊनात पंधरा दिवसांचा माल असायचा, आता दीड दिवसाचा.
साहेब म्हणतात, अडकलेला पैसा मोकळा झाला.
झाला. आकडे मीच काढलेत, खोटं कशाला बोलू?
गंज कमी, भाडं कमी, रात्रीत पेट्या गायब होणं बंद.
पण थप्पीच्या मागं एक खाट होती,
दुपारी अर्धा तास तिच्यावर
कुणी ना कुणी पडलेलं असायचं.
माल साठायचा तेव्हा सवडही साठायची थोडी.
ती कुठल्या रकान्यात धरायची
हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

वडील गुळाच्या सौद्यात तोलाईला होते.
रुमालाखाली बोटं दाबली की भाव ठरायचा,
तिसऱ्याला पत्ता नाही.
आता ढेप गाडीतून उतरायच्या आधी
तिचा भाव गुजरातेत पोचलेला असतो.
वडील विचारतात, मग बोटांचं काय करतात?
टाइप करतात, म्हटलं.
हसले नाहीत.

सुभाषनगरात बायकोची मावशी, इंदुबाई,
चपलेला वेणी घालते.
तळव्यावर आता स्टिकर असतो, मोबाइल धरला की
दिल्लीतल्या बाईला इंदुबाईचा फोटो दिसतो, नाव दिसतं.
पहिल्यांदाच दिसतं, हेही खरं.
त्याच बाईनं एकच तारा दिला. तीन दिवस उशीर.
मावशी म्हणाली, चामडं वाळायला ऊन लागतं,
उन्हाची ऑर्डर कुठं टाकू, सांग की लगा.

फोन वाजला. मुजावर.
मागं वारा, कुणीतरी बादलीनं पाणी ओततंय.
वळणावर एका पोराची मोटरसायकल घसरलेली.
रुमाल बांधला डोक्याला,
निपाणीकडच्या जीपची वाट बघत बसलो,
आता बसवून दिला. हात धुतो अन् निघतो.
पोरगं कोण?
विचारलं नाही, म्हणाला.

पडदा कारण मागतो. खाली सरकवलं की यादी उघडते:
बिघाड. कोंडी. हवामान. कागदपत्रं.
शेवटी, इतर.
इतरच्या पुढं एक छोटी चौकट.
मी लिहायला लागलो, पोराच्या डोक्याला रुमा
इथं चौकट संपली.
ल आत मावला नाही.

ठिपका हलला.
होसूर हिरवं झालं,
आमचे शंभर काही परत आले नाहीत.
ते मेसेज एकाच दिशेनं धावतात, घाटातल्या पाण्यासारखे.

सुरगोंडाला मीच फोन लावला. म्हटलं बघावं,
साहेबांशी बोलून अर्धी पाळी तरी.
धार काढतोय, नंतर कर, म्हणाला,
आणि ठेवला नाही, विसरला.
बराच वेळ मी कानाला लावून ऐकत बसलो,
चरवीत पडणारं दूध.