नाव ठेवणं

हल शहर, वॉर्ड नऊ, सकाळचे सव्वासात.
रात्रपाळीच्या डोळ्यांत वाळू,
दिवसपाळीच्या हातात चहा,
आणि मधे अठ्ठावीस खाटा,
वीस मिनिटांत या ओंजळीतून त्या ओंजळीत ओतायच्या.
खाट चार, पडेल, लक्ष ठेवा.
खाट सहा, रडते.
खाट सात… डोरीन डोळे फिरवते,
अवघड.

मीही तेच पुढे दिलं, तीन आठवडे.
माणूस जड असतो हो,
कुशीवर वळवायलासुद्धा दोघी लागतात.
शब्द एकटीला पेलतो
आणि कंबर धरत नाही.

खाट सातचं नाव विल्फ थ्वेट.
घंटी वाजवायचा पहाटे चारला, रोज, बरोबर चारला.
पाणी नको, बाटली नको, दुखत नाही.
मग काय हवंय?
"काही नाही. आलीस ना, बास."
आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा.
फाइलमध्ये लिहिलं: विनाकारण घंटी.
मग आम्ही उशिरा जायला लागलो.
मग तो जास्त वाजवायला लागला.
मग एका रात्री त्याने पेला भिरकावला
आणि शब्द खरा ठरला.

मला हे कळायला हवं होतं.
कराडला मी तोंडाळ.
मामी म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही,
कुणाच्या घरात टिकायची नाही.
इथे मी ती शांत मुलगी, बिचारी, अबोल.
जीभ तीच आहे.
फक्त वाक्य जुळेपर्यंत
विषय पुढच्या टेबलावर गेलेला असतो.

पेल्याच्या दुसऱ्या रात्री मी चारला पाच कमी असताना गेले.
तो म्हणाला, ट्रॉलरवर चारला पाळी बदलायची,
आइसलंडच्या बाजूला, डिसेंबरात.
पुढचा गडी वर येऊन हाक देईपर्यंत
चाकावरचा हात काढायचा नाही.
"एकदा कुणी आलंच नाही."
एवढंच.
मी विचारणार होते, पण खाट अकरा वाजायला लागली.

सकाळी हे सगळं सांगितलं. चार मिनिटं लागली.
डोरीनने घड्याळ पाहिलं. ती वाईट नाही,
तिच्या गुडघ्यात पाणी झालंय, अजून एकवीस खाटा उरल्यात.
"म्हणजे अवघडच," ती लिहिता लिहिता म्हणाली.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं,
आमच्याकडे एका अनुस्वाराचं अंतर.
एक कानात कुर्र करून सांगतात,
दुसरं पाठ वळल्यावर.
ज्याचं त्याला दोन्ही वेळा विचारत नाहीत.

मंगळवारी विल्फला वृद्धाश्रमात हलवलं.
फाइल त्याच्याच पोटावर ठेवून नेली,
पण फोन आधीच झाला होता.

आज खाट सातवर नवीन बाई.
अजून काही बोललेली नाही,
नुसती आणखी एक उशी मागितली, दुसऱ्यांदा.
आणि माझ्या या बिनहाडाच्या जिभेवर
काहीतरी येऊन बसलंय.